फुकटचा उतार

मागच्या वर्षी बालाघाटच्या बाजारात एक गृहस्थ यंत्र घेऊन आले होते. टेबलावर एक मोटर, तिला पट्ट्याने जोडलेला डायनमो, आणि डायनमोची वायर फिरून परत मोटरीत. मोटर डायनमोला फिरवते, डायनमो मोटरीला वीज देतो. एकदा हाताने झटका द्यायचा, की जन्मभर तेल नको आणि बिल नको. पोरंसोरं टाळ्या वाजवत होती. दोन-चार जाणती माणसंही 'वा वा' करत होती. मला मात्र उभ्या जागी घाम फुटला. माझ्या मुलाला वाटलं ऊन लागलं. त्याने मला धरून रिक्षात बसवलं.

ऊन लागलं नव्हतं. मी अशा एका यंत्रावर बरीच वर्षं नोकरी केली आहे. त्याला इंजिन नव्हतं, कोळसा नव्हता, वीज नव्हती, आणि ते चालायचं. फुकट चालणाऱ्या यंत्राची किंमत कोण देतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. संपादक म्हणाले, खाणीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळी अंक आहे. गमती आहेतच. त्यांच्या मागून जे येतं तेही लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उकव्याच्या पुढे, जंगलात, मॅंगनीजची एक छोटी खाजगी खाण होती. आता ती नाही, म्हणून नाव सांगत नाही. खाण डोंगराच्या माथ्यावर, आणि ट्रक येण्याचा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी. माल खाली आणायचा कसा? त्यासाठी डोंगराच्या अंगावर रुळांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी टाकलेल्या होत्या. माथ्यावर एक मोठं लोखंडी चाक. त्यावरून तारेचा जाड दोर. दोराच्या एका टोकाला वर मालाने भरलेला टब, म्हणजे रुळांवरचा चाकांचा लोखंडी डबा, दुसऱ्या टोकाला खाली रिकामा टब. भरलेला सोडला की तो आपल्या वजनाने खाली जातो आणि जाताना रिकाम्याला वर ओढून आणतो. मधोमध दोघांची गाठ पडते, एक उतरत असतो, एक चढत असतो. विहिरीवर दोन बादल्यांचा रहाट पाहिला असेल, तसंच हे. आम्ही याला नुसतं 'उतार' म्हणायचो.

मी त्या चाकाचा ब्रेकवाला. चाकाच्या कडेला साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाचे ठोकळे, त्यांना जोडलेला एक लांब दांडा. दांडा दाबला की ठोकळे चाकावर आवळतात. साऱ्या नोकरीत मी काहीही चालवलं नाही, फक्त अडवलं. सोडलं असतं तर टब पायथ्याचं ठाणं, म्हणजे टब थांबवून रिकामा करायची जागा, फोडून नाल्यात गेला असता. दुपारपर्यंत चाकाची कड इतकी तापायची की माझा भाताचा डबा मी त्यावर गरम करायचो.

बघायला येणाऱ्यांची काय मजा असायची. एका ट्रक ड्रायव्हरने इंजिन लपवलं आहे म्हणून चाकाच्या चौथऱ्याला कान लावला होता. मग मागे जाऊन झुडपंही हलवून पाहिली. बैहरहून आलेल्या एका बुवांनी हे देवीचं काम आहे असं ठरवून चाकाला शेंदूर लावला. आम्ही तो पुसला नाही. दुसऱ्याच दिवशी ब्रेकखाली तो आपोआप जळला. मी कॉलर ताठ करून सांगायचो, "भाऊ, येले काईच लागत नाई." आणि ते मला खरंच वाटायचं.

दौलत मिस्त्रीला ते माझ्याहून जास्त वाटायचं. दौलत आमचा लोहार. हत्यारं पाजवणं, टबांची चाकं बसवणं, दोराला चरबी लावणं ही त्याची कामं. मूळ भंडाऱ्याकडचा. डोकं असं चालायचं की दोन माणसांचं वाटावं. माथ्यावरच मजुरांच्या झोपड्या होत्या, तिला वरची लाइन म्हणत. तिथे एक झरा होता, तो होळीनंतर आटायचा. मग बायांनी नाल्यातून हंडे भरून डोंगर चढायचा. त्या वाटेवर दौलतची सून कमल हंड्यासकट घसरली होती. पाचवा महिना होता. पोट रिकामं झालं. दौलतची बायको अनसुयाबाई लोडिंगवर होती, टब भरायची. तिने त्या दिवशी सगळ्या लाइनीसमोर सांगितलं, "आता माई सून ह्या वाटेनं पान्याले जानार नाई. मी जाईन, नाईतर तहानेनं मरू."

तेव्हा दौलतच्या डोक्यात आलं की खालून टब रिकामा येतोच आहे, तर त्यात पाण्याचे ड्रम का ठेवू नयेत? मॅनेजरसाहेब "ठीक है, करके देखो" म्हणाले. केलं, आणि झालं. मॅंगनीज खाली, पाणी वर. मला ब्रेकही कमी लावावा लागू लागला. बाया चाकाला हळदकुंकू वाहू लागल्या. दौलतची छाती फुगली, आणि ती फुगावी असंच काम होतं.

मग भाव पडला. परदेशातून माल उचलणं थांबलं म्हणे. साहेबांनी खाण बंद केली आणि सांगितलं, "दो-तीन महीने की बात है." बरेच जण लांजी-किरनापूरकडे आपापल्या गावी गेले. ज्यांना गाव नव्हतं किंवा जागा सोडली तर काम जाईल अशी भीती होती, ती घरं राहिली. खाली झोपड्या बांधू देत नव्हते, ती जमीन जंगल खात्याची. मला राखणीला ठेवलं. खाण बंद म्हणजे टब बंद. टब बंद म्हणजे पाणी बंद. माघाचा महिना होता, झरा बारीक झाला होता, आणि कमलला पुन्हा दिवस गेले होते.

दौलत माझ्याकडे आला. "वामनभाऊ, तू दिवसभर ब्रेक काहून दाबत होता?"

"टब पळू नये म्हून."

"म्हंजे चाकात जोर हाय. मालाचं काम करून वरून उरते इतका जोर हाय. तो तू जाळून टाकत होता, डबा गरम करत होता. मंग तोच जोर आपन पान्याले लावू. वरून पानी सोडू, खालून पानी ओढू. पानीच पान्याले ओढन. माल कायले पायजे?"

मी सातवी शिकलेला. मला त्यात काहीतरी खुपलं, पण काय ते सांगता येईना. इतकी वर्षं माझ्याच तळहाताने तो जोर अडवला होता. जोर नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

सुरुवातीला वर पाणी हवं. झऱ्यात झिरपलेलं सगळं बायांनी वाटीवाटीने उपसलं, राहिलेलं नाल्यातून डोक्यावर आणलं. वरच्या टबात दोन ड्रम भरले. खालच्या टबातही दोन. मी ब्रेक सोडला. काही झालं नाही. गड्यांनी खांदा लावला, तेव्हा टब हातभर सरकला आणि थांबला.

"चाक थंडं हाय," दौलत म्हणाला. "बरेच दिवस फिरलं नाई."

खाली ओरडून एक ड्रम उतरवायला सांगितला. आता वर दोन, खाली एक. ब्रेक सोडताच टब निघाला आणि मला दांडा दाबावा लागला. बाया हसल्या. एक भरलेला ड्रम वर आला, आमचे दोन खाली गेले. पुन्हा सोडायचा तर वरचं वजन जास्त हवं, म्हणून खाली अर्धाच ड्रम. तो आला. मग खाली पाव. त्यानंतर दोराचंच वजन भारी पडायला लागलं आणि टब हलेचना. दुपार व्हायच्या आत वरच्या लाइनीचं सगळं पाणी नाल्यात जाऊन मिळालं. ड्रमच्या बुडाशी तांब्याभर उरलं होतं.

मी चाकाकडे बघत राहिलो. जोर चाकात नव्हताच. कधीच नव्हता. तो उंचावरच्या दगडात होता. डोंगर रोज थोडा थोडा खाली उतरत होता आणि आम्ही त्याला फुकट म्हणत होतो. आता नातीच्या शाळेच्या पुस्तकात वाचतो, ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. मला ते वाक्य वाचताना अजूनही तो तांब्या दिसतो. दौलत चाकाला टेकून बसला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

अनसुयाबाईने तो तांब्या कमलला प्यायला दिला. मग टबाकडे बराच वेळ पाहून मला म्हणाली, "भाऊ, टबाले का समजते, त्याच्यात दगड हाय का मानूस हाय ते?"

"बाई, मानूस बसवाची मनाई हाय."

"मनाई करनारा बालाघाटले गेला. आमी डोंगर चढतो तवा सवताले बी वर आनतो ना? हंडा केवढा, न् मी केवढी. मंग मी खाली पायी उतरतो ते फुकट जाते का नाई?"

ह्या बाईने शाळा पाहिली नव्हती आणि तिने काही मोठं शास्त्र सांगितलं असं मी म्हणत नाही. भाजीवाली उरलेली मेथी फेकत नाही, तसं ती बोलली. पण हिशेब बरोबर होता. हंडा डोक्यावर घेऊन चढणारी बाई हंड्याच्या तिप्पट वजन, म्हणजे स्वतःला, वर आणते. ते वजन उतरताना वाया जातं. ते टबात घातलं तर एका चढणीत एका हंड्याऐवजी दोन-अडीच हंडे वर येतील. चढताना डोकं मोकळं राहील, पायही घसरणार नाही.

मी नाही म्हणालो. ती टबात जाऊन बसली. तिच्या मागून आणखी चार जणी बसल्या. खाली ड्रम ठेवले गेले. मी दांडा दोन्ही हातांनी धरला. आजवर त्या दोराला दगड लटकत होता. आता त्यातली एक डोक्यावरचा पदर सावरत होती, एक दुसरीला कोपराने ढोसत होती. टब डोळ्यांसमोरून खाली गेला आणि ठाण्याला टेकल्याची घंटी वाजेपर्यंत मी दांड्यावरून हात काढला नाही. पाणी वर आलं होतं.

त्यानंतर वरच्या लाइनीत एक रीतच पडली. डोंगर उतरायचा तर टबातूनच, पायी उतरणं म्हणजे अन्न टाकून उठण्यासारखं. पाहुणा आला की पहिली नजर त्याच्या पोटावर. किरनापूरचे एक शेठजी डिंक-मोहाच्या खरेदीला यायचे, चांगले भरलेले. ते धापा टाकत वर पोचले की बाया त्यांना पहिल्यांदा खाट द्यायच्या, मग गुळाचा चहा. शेठजींना वाटायचं आपला मान. जाताना त्यांना आदराने टबात बसवत आणि खाली भरपूर ड्रम चढवत. दौलत पुन्हा सावरला होता. मालाच्या मोठ्या काट्यावर त्याने साऱ्या लाइनीला तोललं, बाया लाजत होत्या तरी. कोण किती भरतं हे त्याला तोंडपाठ झालं. कोण बसलं की किती पाणी लावायचं, ते तो नुसतं बघून सांगायचा आणि चुकायचा नाही.

गडी दिवसा जंगलात तोडीच्या कामाला जायचे. त्यामुळे चढणं-उतरणं बहुतेक बायांचंच. पिण्याला, रांधायला, कोंबड्या-शेळ्यांना, धुण्याला लागेल तसं त्या उतरायच्या आणि चढायच्या. दोन महिन्यांचे चार झाले तरी खाण उघडली नाही. दुकानदार उधार देईना, तेव्हा एक वेळ पेज आणि एक वेळ मोहफुलं. पण पाणी येत होतं. कमल घसरली नाही. आम्ही सगळे त्यावर खूश होतो.

दिवस भरत आले तसं कमलला बैहरच्या दवाखान्यात नेलं. मुलगा झाला. टाके पडले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ओझं नको, चढण तर मुळीच नको. मोटारीने उकव्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीने तिला पायथ्याशी आणलं. सोबत तिचा नवरा. आता तिला वर टबातून ओढायचं होतं, आणि ओढायला वर लाइनीत होती तेवढी सगळी माणसं टबात बसली. दौलत बसला, अनसुयाबाई बसली. दौलतने हिशेब केला होता. कमल, तिचा नवरा, आणि शिवाय एक ड्रम पाणी. बाळंतिणीला पाणी लागणार, लेकराला न्हाऊ घालायचं. "आरामात होते," तो म्हणाला. माथ्यावर मी एकटा उरलो.

ब्रेक सोडला. टब हळू निघाला. माथ्याजवळ उतार खडा होता, तिथे ठीक होतं. मध्यावर उतार जरा सपाट व्हायचा. तिथे दोन्ही टब शेजारी शेजारी आले आणि थांबले.

मी दांड्याकडे पाहिलं. तो पूर्ण सुटलेला होता. माझ्या हातात अडवणं होतं, ढकलणं कधीच नव्हतं. वरून मला सगळं दिसत होतं आणि डोंगराच्या शांततेत शब्दन् शब्द ऐकू येत होता. एका टबात कमल लेकराला छातीशी धरून, हातभर अंतरावर दुसऱ्या टबात तिची सासू. आजीने नातवाला पहिल्यांदा तिथे पाहिलं.

"असं कसं होते?" दौलत म्हणत होता. "मी सगळ्यायचं वजन केलतं. भरपूर होते. भरपूर होऊन उरते."

"कधी केलतं?" अनसुयाबाईने विचारलं.

"माघात."

टबातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, जणू खूप दिवसांनी भेटत होती. मीही वरून पाहिलं. गालांची हाडं, गळ्याचे खड्डे, सैल पोलकी. रोज पाहत होतो, म्हणून पाहिलंच नव्हतं. माघापासून जेवढं पाणी वर चढलं होतं तेवढी ही माणसं उतरली होती. चाकाने फुकट दिलं नाही तेव्हा आम्हाला वाटलं, बायांच्या चढण्याने भागतं. चढणं कशातून येतं हे कोणीच विचारलं नव्हतं. मी मटकन खाली बसलो.

"पानी सांडा," अनसुयाबाई म्हणाली.

"आई, घरात थेंब नाई," कमलचा नवरा म्हणाला.

"सांड म्हनतो ना. लेकरू उन्हात हाय."

त्याने ड्रम आडवा केला. पाणी रुळांवरून, दगडांवरून वाहत खाली गेलं. ड्रम रिकामा होत आला तसा दोर ताणला, चाक कुरकुरलं आणि टब चालू लागले. त्यांचा उतरणीला, हिचा चढणीला. मी उठून दांडा धरला. कमल माथ्यावर आली. तिला तिच्या नवऱ्याने खाटेवर निजवलं, आणि लेकरू माझ्या हातात दिलं.

खालून सगळी लाइन पायी चढून येत होती. ज्याला पाहायला ती माणसं आसुसली होती, त्याला वर आणायला ती सगळी खाली गेली होती. अनसुयाबाई मागे पडली होती, कारण तिच्या डोक्यावर हंडा होता. पायथ्याच्या ठाण्यातून कोणाचा तरी उचलून, नाल्यावर भरून ती त्याच जुन्या वाटेने चढत होती. तिच्याही दोन पावलं मागे दौलत होता. तिने हंडा उतरवला, पाणी घंगाळात ओतलं. मी म्हटलं, बाई, आधी घोटभर प्या. ती म्हणाली, हे त्याच्या आंघोळीचं हाय.

मग पदराला हात पुसून तिने नातवाला घेतलं आणि बाजारात पेंड तोलतात तसं दोन्ही तळव्यांवर जरा उचलून पाहिलं. लहान लेकराचं वजन बोलून दाखवू नये, दृष्ट लागते, असं आमच्याकडे मानतात. तिने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

"भारी हाय," ती म्हणाली.

तिने हात वर केले होते. मनगटातल्या हिरव्या बांगड्या घसरल्या त्या कुठेही न अडकता थेट कोपरापर्यंत गेल्या. दौलतने ते पाहिलं. चाकाकडे, दोराकडे त्याने मानही वळवली नाही. रिकामा हंडा उचलला, फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि वाटेला लागला. त्या डोंगरात पुरुषाच्या डोक्यावर हंडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.